किलोमीटर किती झाले?

"मॅडम, तुम्ही एकदा समजावून सांगा त्याला, आमचं ऐकत नाही." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं मीच पूर्ण करू शकते. मुलगा विशीतला, साध्या छोट्या गाडीवर कसाबसा दोन-तीन वर्षं हात बसलेला, आणि दारात आलीय चारशे-साडेचारशे हॉर्सपॉवरची स्पोर्ट्स कार. कधी वडिलांनी हौसेने घेतलेली, कधी मित्राची चालवायला मिळालेली. मुलगा हवेत, घरच्यांची झोप उडालेली. गेल्या महिन्यात दोघांनी परत हेच विचारलं म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. मी समुपदेशक आहे, ही माझ्याकडची जुनी केस, ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि सात-आठ सेशन्स मी इथे चार संवादांत उरकतेय, प्रत्यक्षात इतकं पटापट काही होत नसतं.

आई आली ती फोन पुढे धरूनच. दहा-बारा सेकंदांचा व्हिडिओ, शेजारच्या सीटवरून मित्राने काढलेला. पाऊस, वायपर चालू, गाडी वळणावर जाते आणि अचानक काचेबाहेरचे दिवे आडवे पळायला लागतात, गाडी गर्रकन फिरून आलेल्या दिशेला तोंड करून थांबते. मागे पोरांचा नुसता जल्लोष, काय ड्रिफ्ट मारलास भावा वगैरे (ड्रिफ्ट म्हणजे मुद्दाम गाडी घसरवत वळण घेणं). "हे असले धंदे करतो मॅडम, आणि रोज रात्री दोन-दोन तास गाडी घेऊन जातो, मी दारात बसून असते."

मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा लक्षात आलं की सगळे ओरडतायत पण चालवणाऱ्याचा आवाजच नाहीये. एक शब्द नाही. तेव्हा मी काही बोलले नाही, पण नोंद करून ठेवली. (एवढ्या वर्षांत एक कळलंय, माणूस काय बोलला यापेक्षा कुठे गप्प बसला हे जास्त सांगून जातं.)

मुलगा आला तो हाताची घडी घालून. "मला येते गाडी. आईला लिफ्टचीपण भीती वाटते." मी अपघातांचा विषयच काढला नाही. असल्या मुलांना आकडे पाठ असतात, फक्त ते दुसऱ्यांचे असतात. 1981 मध्ये ओला स्वेन्सन नावाच्या संशोधकाने ड्रायव्हर लोकांना विचारलं होतं, तुम्ही इतरांपेक्षा किती चांगली गाडी चालवता? अमेरिकन गटातल्या 93 टक्के लोकांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं. अर्ध्यात 93 टक्के! मी या घरात तिघांनाही वेगवेगळं विचारलं, तिघंही सरासरीपेक्षा चांगले निघाले, आई तर वर्षभरात स्टिअरिंगला हात न लावता.

तिसऱ्या भेटीत मी सहज विचारलं, "गाडीचे किलोमीटर किती झाले रे?"

"नऊशे असतील."

"आणि त्या व्हिडिओच्या दिवशी?"

तो जरा थांबला. "साडेआठशे."

"त्याला झाले सात आठवडे. रोज दोन तास जातोस ना तू?"

समोर पाण्याचा ग्लास होता तो नुसता गोल गोल फिरवत बसला, टेबलावर ओलं वर्तुळ उमटलं, त्यावर दुसरं. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं. मग म्हणाला, "पुढच्या वळणापर्यंत नेतो. तिथे लावतो आणि आतच बसून राहतो." आणि खूप वेळाने, "मॅडम, तो ड्रिफ्ट नव्हता. गाडी सुटली होती माझ्या हातून."

आई दारात बसून ज्याची काळजी करत होती तो मुलगा दोन तास बंद गाडीत बसून होता. मला आजही ते दृश्य डोळ्यासमोर येतं.

झालं असं होतं, मित्र म्हणाले स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरायला बघणारी यंत्रणा, बंद कर, मजा येईल. याने बटण दाबलं. मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी, ओला रस्ता, वळणात याने अॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला आणि मागचे टायर घसरायला लागले. घाबरून त्याने पाय एकदम उचलला. आपल्याला वाटतं पाय काढला की गाडी सावरेल, पण वळणात पाय उचलला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि उरलीसुरली पकडही जाते. साध्या गाडीत वर्षानुवर्षं लागलेली जी सवय वाचवते तीच इथे फिरवून टाकते. समोरून कोणी येत नव्हतं, बस, एवढंच नशीब.

त्या रात्री व्हिडिओ सगळीकडे गेला आणि हा हिरो झाला. मी विचारलं, मग मित्रांना सांगितलं का नाहीस? तर म्हणतो, "आता सगळ्यांना वाटतं मला येतं, म्हणजे मला यायलाच पाहिजे ना."

मी जी शिकवण मानते त्यात घटना माणसाला इतका त्रास देत नाही, घटनेबद्दल आपण मनाशी जे वाक्य घोकतो ते देतं. आणि मराठीत त्या वाक्याचं मर्म बहुतेक वेळा एका अक्षरात असतं, च. यायलाच पाहिजे. जमलंच पाहिजे. मी कागदावर त्याचं वाक्य लिहिलं आणि पेन त्याच्या हातात देऊन म्हटलं, यातला च खोड आणि परत वाच. त्याने खोडला. "मला गाडी यायला पाहिजे." मग स्वतःच पुढे म्हणाला, "येत नाहीये. शिकायला पाहिजे." मी नवशिक्या समुपदेशकांना हा किस्सा नेहमी सांगते, थोडा तोरा मिरवते म्हणा, पण त्या दिवशी मी खरंच काही शिकवलं नव्हतं, फक्त किलोमीटर विचारले होते.

वडिलांना सांगणं जास्त अवघड गेलं. ते आधी चिडले, "मग एवढी गाडी घेतलीच कशाला?" तिथेही च होताच. मग हळूच म्हणाले, गाडी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मीपण एकदा जोरात दाबून बघितली होती, छातीत धस्स झालं, परत हात लावला नाही. घरात दोन माणसं एकाच गाडीला घाबरत होती आणि दोघंही एकमेकांपासून लपवत होती.

आता जे विचारतात त्यांच्यासाठी. मुलगा बेजबाबदार आहे हे गृहीत धरून सुरुवात करू नका. अशी गाडी शून्यावरून शंभरला चार-साडेचार सेकंदांत जाते, आणि शंभरच्या वेगाला एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर मागे पडतात, म्हणजे "अरे" म्हणेपर्यंत तेवढं अंतर गेलेलं असतं, ब्रेकवर पाय जायच्या आत. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, हे शाळेत शिकलेलं असतं, पण पायाला ते माहीत नसतं. भारी टायर थंड असताना आणि ओल्या रस्त्यावर वाटतात तितके धरत नाहीत. आणि नुसता अनुभवही कवच नाही. 2013 मध्ये हॉलिवूडचा नट पॉल वॉकर ज्या पोर्शा करेरा जीटीमध्ये गेला ती चालवणारा मित्र रेसिंग केलेला माणूस होता, त्या मॉडेलला स्टॅबिलिटी कंट्रोल नव्हतंच, टायर नऊ वर्षं जुने होते आणि तपासात कारण निघालं वेग.

म्हणून ट्रेनिंग घ्या, बंद ट्रॅकवर, शेजारी इन्स्ट्रक्टर बसवून. पण कुठलंही नाही. स्वीडनमध्ये ग्रेगर्सन यांचा 1996 चा प्रयोग आहे, नवशिक्यांच्या एका गटाला घसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं कौशल्य शिकवलं, दुसऱ्याला आपलं कौशल्य कुठे तोकडं पडतं ते अनुभवायला दिलं. प्रत्यक्ष कौशल्यात फरक पडला नाही, फक्त पहिल्या गटाला आपण जास्त भारी आहोत असं वाटायला लागलं. तेव्हा जिथून मुलगा छाती काढून परत येतो ते ट्रेनिंग नको, जिथून थोडा गप्प होऊन येतो ते बघा. तोवर स्टॅबिलिटी कंट्रोलच्या बटणाला हात लावायचा नाही, पावसाचा मोड असेल तर तोच ठेवायचा, आणि सुरुवातीचे काही महिने मित्रांना गाडीत घ्यायचं नाही. हे शेवटचं मुलांना सगळ्यात जास्त झोंबतं, पण 2005 मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी कॉम्प्युटरवर गाडीचा खेळ खेळायला दिला तेव्हा मित्र शेजारी असले की पोरं एरवीपेक्षा कितीतरी जास्त धोका घेत होती, मोठ्यांना त्याने फारसा फरक पडला नाही. बटण बंद कर म्हणणारा आवाज शेजारच्या सीटवरूनच आला होता ना.

आणि किल्ली काढून घेऊन प्रश्न सुटत नाही. थोडे दिवस काढून घ्या खुशाल, पण तेवढ्यात विचारा की शेवटची भीती कधी वाटली होती. "भीती वाटते का" असं नाही विचारायचं, त्याला नाही हेच उत्तर येतं. "कधी" विचारा.

तो मुलगा चार-पाच महिन्यांनी भेटायला आला. ओल्या ट्रॅकवर त्याला मुद्दाम गाडी घसरवायला लावली होती. "चौदा वेळा मॅडम, त्यातली पाच वेळा सावरली." चौदापैकी पाच हे तो ज्या आनंदाने सांगत होता ते बघून मीच हसले. व्हिडिओ अजून फिरतोच आहे म्हणे. खाली त्याने स्वतः कमेंट टाकलीय, हा ड्रिफ्ट नाही, गाडी सुटली होती. मित्रांना वाटतं तो विनय दाखवतोय.