जुना पिकअप घेताना आधी काय पाहावे

पुण्यात आपल्याला जुना, कमी चाललेला पिकअप पसंत पडला आहे आणि तो घेण्याआधी काय पाहावे, असे आपण विचारले आहे; वाचून आनंद झाला. मात्र पाच अंकी मीटर ९९,९९९ किलोमीटरनंतर पुन्हा शून्यावर येते, म्हणून पेडलचे रबर आणि स्टिअरिंगची झीज त्या आकड्याशी जुळते का, ते आधी पाहावे.

चकचकीत रंगाला भुलणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. हौद्याखालची चासी (गाडीचा मूळ सांगाडा) किंवा स्प्रिंगचे ब्रॅकेट गंजून पोकळ झाले असतील, तर गाडी कितीही आवडली तरी सोडून द्यावी. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रेकचे रबरी सील आणि टायर कडक होतात. टायरवर २३१९ असा आकडा असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला असतो.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे. चासी व इंजिन क्रमांक आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) जुळल्याशिवाय इसार देऊ नये.