मॅग्नेशियम वेळेवर दे आणि मुलापाशी थांब

सांगली

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. दम्याच्या झटक्यानं धाप लागलेल्या मुलाला नेब्युलायझरची वाफ देऊनही धाप हटत नसेल, तर शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट आपण सुरू करायचं की मुलाला तसंच मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, असं तू फोनवर विचारलंस. बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते. सुरू करायचं. तिथेच, तुझ्या डोळ्यांसमोर.

गळीत हंगाम तोंडावर आलाय. ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतील. पहाटेची थंडी, चुलीचा धूर, फडात पेटवलेलं पाचट. साध्या सर्दीचं निमित्त होतं आणि मुलं रात्री-अपरात्री येतात. अशा वेळी आधी मुलाकडे बघ, स्टेथोस्कोप नंतर. दोन्ही हात टेकून बसलंय, गळ्याखालचा खड्डा आत ओढला जातोय, एका श्वासात दोन शब्द होत नाहीत, पुढे केलेल्या बिस्किटाकडे बघतही नाही, म्हणजे झटका तीव्र आहे. आणि छातीतली शिट्टी ऐकू येईनाशी झाली, मूल गुंगीत जाऊ लागलं, तर आराम पडला असं समजू नकोस. हवाच आत जात नाहीये.

पहिला तास तुला पाठ आहे: ऑक्सिजन, श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियमची वाफ दर २० मिनिटांनी, आणि स्टेरॉइड अगदी सुरुवातीलाच, कारण ते लागू पडायला काही तास जातात. एवढं करूनही धाप हटली नाही तर मॅग्नेशियम. पुष्कळ जण ते शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात आणि मूल पार दमल्यावर बाहेर काढतात. मला हे मुळीच पटत नाही. श्वासनलिकेच्या स्नायूत कॅल्शियम शिरलं की तो आवळतो. मॅग्नेशियम त्याची वाट अडवतं, स्नायू सैल पडतो. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात मुलांवरचे अभ्यास मोजकेच होते, पण शिरेतून मॅग्नेशियम मिळालेल्या मुलांना भरती करण्याची वेळ कमी आली. वाफेतून द्यायचा मोह मात्र धरू नकोस. कॅनडातल्या ८१६ मुलांवरच्या, २०२० साली छापून आलेल्या चाचणीत त्यानं भरती टळली नाही.

मात्रा वजनाच्या दर किलोमागे ४० ते ५० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २ ग्रॅम. १५ किलोच्या मुलाला ४० च्या हिशेबाने ६०० मिलिग्रॅम. ५० टक्क्यांच्या अँप्यूलमध्ये २ मिलिलिटरला १ ग्रॅम, म्हणजे १.२ मिलिलिटर घ्यायचं, ५० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये मिसळायचं आणि २० मिनिटांत सोडायचं. वजन काट्यावर कर, अंदाजाने नको. अँप्यूलवरची टक्केवारी मोठ्याने वाच आणि सिस्टरला हिशेब स्वतंत्रपणे करायला लाव. दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट औषध जातं. सिरिंजने भरकन ढकलायचं तर नाहीच, रक्तदाब कोसळतो.

ती २० मिनिटं खुर्ची ओढून तिथेच बस. दर ५ मिनिटांनी रक्तदाब, बोटाला ऑक्सिजनचा क्लिप, मधूनमधून गुडघ्यावर हातोडी. हातोडीनं गुडघा उडेनासा झाला, श्वास मंदावला किंवा रक्तदाब उतरला, म्हणजे मॅग्नेशियम जास्त होतंय, ड्रिप बंद. त्यावर उतारा म्हणून १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट आधीच हाताशी काढून ठेव. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलाला द्यायच्या आधी मला किंवा मिरजेला विचार. आणि आईला आधीच सांग, की पोराचा चेहरा लाल होईल, अंग गरम वाटेल, मळमळेल. न सांगता तसं झालं तर ती घाबरून सुई काढायला लावते, आणि त्यात तिची चूक नसते.

ड्रिप लावली म्हणून मिरजेला पाठवणं टळत नाही. लावतानाच तिकडे फोन कर. पण शक्यतो ड्रिप संपून रक्तदाब स्थिर आहे हे बघूनच मूल गाडीत घाल. रस्त्यात कोण मोजणार? सोबत ऑक्सिजन, वाफेची सोय आणि कधी काय दिलं त्याची वेळेसकट चिठ्ठी.

औषध कुठून आणू, असं विचारशील. तुझ्याच लेबर रूममध्ये, गरोदर बाईला येणाऱ्या आकडीसाठी, हीच अँप्यूल ठेवलेली असते. उद्या तिथल्या सिस्टरशी बोल, दोन अँप्यूल तुझ्या इमर्जन्सी ट्रेमध्ये मागून घे, त्यांची एक्सपायरी बघ, आणि ५ ते ४० किलोपर्यंतचा हिशेब कागदावर लिहून ट्रेच्या झाकणाला आतून चिकटव.

तुझी मॅडम