जुना डेस्कटॉप सुधारावा की नवा घ्यावा?

नऊ वर्षांचा डेस्कटॉप रखडतोय, त्यात पैसे घालावेत की नवा घ्यावा, असं विचारलंय. आधी आत फाइल साठवायला फिरत्या चकतीची हार्ड डिस्क आहे की एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, ते बघा. हार्ड डिस्क असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. साधी साटा (जुन्या मशीनलाही चालणाऱ्या जोडणीची) एसएसडी बसवली तरी मशीन ओळखू येणार नाही इतकं वेगाने चालेल. इतका फरक दुसऱ्या कुठल्याच भागाने पडत नाही. रॅम ४ जीबी असेल तर ८ किंवा १६ करा.

हात आखडता घ्यावा तो प्रोसेसरपाशी. नव्या पिढीचा प्रोसेसर म्हणजे बहुतेक वेळा नवा मदरबोर्ड (सगळे भाग जोडले जातात तो मुख्य बोर्ड), आणि जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम नव्या डीडीआर४च्या खाचेत बसत नाही, म्हणजे तीही नवी. मग जुनं उरलं काय, तर पत्र्याचा डबा!

खरी मेख विंडोजची आहे. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा त्याआधीचा असेल आणि बँकेची कामं त्याच मशीनवर करत असाल, तर नवाच घ्या. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरायची तयारी असेल तर मात्र एसएसडी टाकून जुना डेस्कटॉप अजून काही वर्षं ओढेल. मॉनिटर, कीबोर्ड धड असतील तर तेच नव्याला जोडा.