पहिली ट्रायथलॉन करतोयस? मग एवढं वाच
पहिलीच आहे ना, मग सरळ स्प्रिंट (कमी अंतराची ट्रायथलॉन) घे, 750 मीटर पोहणं, 20 किमी सायकल, 5 किमी पळणं, भरपूर झालं. पोहण्याचीच भीती वाटते सगळ्यांना आणि ते बरोबरच आहे, पूलमध्ये खाली रेघ दिसते, भिंत धरता येते, तलावात यातलं काहीच नाही आणि वर आजूबाजूला लोकांचे हातपाय लागतात. त्यामुळे स्टार्टला पुढे घुसू नकोस, मागे नाहीतर कडेला थांब, पहिली दोन-तीन मिनिटं मुद्दाम हळू जा, आणि अधूनमधून डोकं वर काढून बॉय (दिशा दाखवणारा पाण्यावर तरंगणारा मोठा फुगा) बघत राहा, नाहीतर भलतीकडेच पोचशील. दम लागला तर पाठीवर तरंग, कोणी बाद करत नाही.
ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घेतो त्या जागी, आधी हेल्मेट, पट्टा लावून मगच सायकलला हात, नाहीतर पेनल्टी बसते. सायकल महागडीच हवी असं काही नाही (लोक उगाच खर्च करतात), ब्रेक नि टायर धड असले की झालं. शेवटी शेवटी गिअर हलका कर, कारण उतरल्यावर पाय अगदी लाकडं होतात, म्हणून सायकलनंतर लगेच थोडं पळायची प्रॅक्टिस आतापासूनच सुरू कर. आणि रेसच्या दिवशी नवीन काही ट्राय करू नकोस, नवीन एनर्जी जेल (रेसमध्ये ताकदीसाठी खायचं पाकिटातलं गोड जेल) तर अजिबात नाही.