चीनमधील भूतनगरी : एक दंतकथेतील, एक बांधकामातील

प्रश्न : चीनमधील ‘भुतांच्या शहरा’विषयी वाचताना एका ठिकाणी यमाच्या दरबाराचे वर्णन आढळले, तर दुसऱ्या ठिकाणी ओस पडलेल्या उंच इमारतींचे. हे शहर एकच आहे का? प्रवासाला जाणाऱ्याने काय पाहावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : शहरे वेगळी आहेत; मात्र चिनी भाषेत दोहोंना ‘ग्वेछंग’ हाच शब्द असल्याने गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

यमाचा दरबार आहे तो छोंगछिंगच्या हद्दीत, यांगत्से नदीच्या उत्तर काठावरील फेंगदू येथे. पूर्व हान राजवटीच्या काळात (इ.स. २५ ते २२०) यिन आणि वांग या आडनावांचे दोन अधिकारी येथील मिंगशान टेकडीवर ताओ या चिनी धर्मपंथाची साधना करून सिद्धपदाला पोहोचले, अशी आख्यायिका आहे. ही आडनावे जोडून उच्चारली की ‘यिनवांग’, म्हणजे पाताळाचा राजा, असा अर्थ निघतो, आणि या श्लेषाच्या बळावर ती टेकडी मृतांची राजधानी ठरली. तेथील न्यायाधीश यानल्वो म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये गेलेला आपला यमराजच. मृतात्म्याची परीक्षा घेणारा नायहे पूल पाहताना मराठी माणसाला वैतरणी आठवल्यावाचून राहणार नाही. नरकयातनांचे देखावे मात्र बरेच भडक आहेत. थ्री गॉर्जेस धरणाच्या जलाशयाची पातळी १७५ मीटरपर्यंत नेण्याचे ठरले, तेव्हा पायथ्याचे जुने फेंगदू गाव पाण्याखाली जाणार म्हणून ते समोरच्या दक्षिण काठावर हलवावे लागले. मृतांची नगरी उंचावर असल्याने जागच्या जागी राहिली आणि विस्थापित झाले ते जिवंत लोक.

ओस इमारतींची ख्याती मिळाली ती चीनच्याच आतल्या मंगोलिया (इनर मंगोलिया) या प्रदेशातील ओर्दोस शहराच्या कांगबाशी या नव्या भागाला. कोळशातून आलेल्या पैशावर तेथे रुंद रस्ते, चंगीझखानाच्या पुतळ्यांचा भव्य चौक आणि दहा लाख वस्तीची स्वप्ने उभी राहिली. २००९ मध्ये परदेशी वार्ताहरांनी निर्मनुष्य रस्ते दाखवले आणि नाव सर्वत्र झाले. तेथील सदनिका विकल्याच गेल्या नव्हत्या, असा समज मात्र चुकीचा आहे. जमिनीचे वापरहक्क विकून स्थानिक शासन महसूल मिळवत होते आणि कुटुंबे आपली बचत घरांत गुंतवत होती, त्यामुळे अनेक घरांना मालक होते, फक्त राहणारे नव्हते. पुढे सरकारी कचेऱ्या आणि शाळा आल्या, लोकसंख्या लाखाच्या पुढे गेली. त्यामुळे जुनी छायाचित्रे मनात ठेवून तेथे गेल्यास निराशा होईल.

आमच्या मते फेंगदू आधी पाहावे. छोंगछिंगहून यीछांगकडे निघणाऱ्या अनेक प्रवासी बोटी तेथे थांबतात. खरोखर सोडून दिलेले गावच पाहायचे असेल, तर झेजियांग प्रांतातील शंगशान बेटावर हौथौवान हे मच्छीमारांचे गाव आहे. शाळा आणि दळणवळणाच्या अडचणींमुळे १९९० च्या दशकात तेथील लोक निघून गेले आणि घरांवर वेलींनी हिरवे आच्छादन घातले. ही पडकी घरे धोकादायक असल्याने आत न शिरता ठरावीक वाटेवरूनच पाहावीत.