वही मुलीच्या हातात द्या

पत्र: मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीच्या एसएससी सीजीएल परीक्षेची तयारी सुरू आहे. सराव परीक्षेत इंग्रजीत आम्हाला २५ पैकी ९ प्रश्नच बरोबर येतात. तिचं इंग्रजी मी टेक ओव्हर केलं आहे. रोज ४० फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला ऑन, ओव्हर असा छोटा शब्द जोडून होणारे शब्दप्रयोग, मराठी अर्थासकट पाठ करून घेतो, चुकलेलं दहादा लिहायला लावतो. तरी टेक ऑन, टेक ओव्हर, आन्सर फॉर यांत तिची गल्लत होतेच. सीताबर्डीत क्लास लावू का? – एक वडील, मानेवाडा, नागपूर

उत्तर: नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मुलीचं म्हणणं त्यात कुठेच नाही. परीक्षा ती देणार आणि प्रश्न 'आम्हाला' येतात! पदवीच्या उंबरठ्यावरच्या मुलीला दहादा लिहायची शिक्षा, याची काळजी मला त्या ९ प्रश्नांपेक्षा जास्त वाटते. टेक ऑन म्हणजे एखादं काम अंगावर घेणं; टेक ओव्हर म्हणजे दुसऱ्याच्या हातातला कारभार आपल्या हाती घेणं. तुम्ही लिहिलेला शब्द अगदी नेमका आहे, आणि अडचण तिथेच आहे.

एका फ्रेझल व्हर्बला एकच मराठी अर्थ असतो, हा समज आधी सोडा. काम अंगावर घेणं, दुखणं अंगावर काढणं, कुत्रं अंगावर येणं, हे तिने कधी पाठ केलं होतं का? वाक्यांतून कानावर पडत गेलं. टेक ऑनचंही तसंच. इतवारीतल्या दुकानदाराने दिवाळीसाठी दोन पोरं कामावर ठेवली, तरी टेक ऑन. २०२५ मध्ये जामठ्याला रणजीच्या अंतिम सामन्यात विदर्भ केरळशी भिडला, तरी टेक ऑन. पुढे कोणतं नाम आलं, त्यावर अर्थ ठरतो. आन्सर टूच्या पुढे माणूस येतो, आन्सर फॉरच्या पुढे चूक: जाब साहेबाला द्यायचा, हिशेबातल्या घोळाबद्दल. चूक कबूल करणं म्हणजे ओन अप टू. त्यापुढे क्रियापद आलं तर 'ब्रेकिंग'सारखं आयएनजी रूप लागतं, 'ब्रेक' चालत नाही. आणि सर्वनामाची जागा पाहा: 'टेक इट ऑन' बरोबर, 'टेक ऑन इट' चूक, पण 'आन्सर फॉर इट' बरोबर. चूक ओळखायच्या प्रश्नांत मुलं नेमकी इथे अडकतात, कारण यादीत अर्थ असतो, जागा नसते.

टियर १ मध्ये, म्हणजे परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, १०० प्रश्न, ६० मिनिटं. प्रत्येक चुकीला अर्धा गुण जातो. अर्धवट पाठांतरावर ठोकून दिलेलं उत्तर म्हणूनच महागात पडतं.

क्लास सध्या नको. ४० ऐवजी रोज ३ घ्या. प्रत्येकाची दोन वाक्यं तिने स्वतःच्या दिवसावरून लिहावीत, एक नाम घालून, एक 'इट' घालून. वही तिच्याकडे राहील, महिनाभर तुम्ही उघडायची नाही. पण त्याआधी, आज रात्रीच, तिला विचारा की ही परीक्षा तिला द्यायची आहे का. 'नाही' म्हणाली तर रागावू नका. मग काय करावंसं वाटतं ते तिलाच मला लिहू द्या.