मुलांच्या घरकामाची नोंद कागदावर ठेवावी की मोबाइल अ‍ॅपवर? मुले ६ आणि ९ वर्षांची आहेत.

या वयाच्या मुलांसाठी नोंद कागदावरच ठेवावी. फ्रिजच्या दाराला लावलेला तक्ता मुलांना येता-जाता दिसतो आणि जेवणाची पाने मांडून झाली की ती स्वतःच्या हाताने त्यावर खूण करतात; अ‍ॅपसाठी मात्र दर वेळी मोठ्यांचा फोन मागावा लागतो, आणि खूण करून झाल्यावर तो लगेच परत येतोच असे नाही. याहून महत्त्वाचे कारण म्हणजे अशी अनेक अ‍ॅप गुण, नाणी आणि बक्षिसे यांवर चालतात. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रे काढण्याबद्दल ज्या लहान मुलांना आधीच बक्षीस कबूल केले होते, ती पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. तो प्रयोग आवडीच्या कामाचा होता, केर काढण्याचा नव्हे, हे खरे. तरीही लहान मुले आपण होऊन मदतीला येतात तेव्हा त्या उत्साहाला किंमत लावू नये, असे मला मनापासून वाटते. तक्त्यावर चार-पाचच कामे असावीत आणि ‘खोली आवरणे’ असे मोघम न लिहिता ‘दप्तर खुंटीला, गणवेश धुण्याच्या टोपलीत’ असे नेमके लिहावे. मात्र आई-वडिलांपैकी एक जण परगावी राहत असेल, किंवा मुले मोठी होऊन त्यांच्याकडे स्वतःचा फोन असेल, तर सर्वांना एकाच वेळी दिसणारी मोबाइलवरील सामायिक यादी अधिक सोयीची ठरते.